धुपदाळला पक्षी बघायला जायचंय? आधी पाणी बघा, मग पक्षी

डिसेंबर उजाडला की ओळखीतले चारपाच जण तरी विचारतात, घटप्रभाला परदेशी पक्षी येतात म्हणे, कसं जायचं, कुठं थांबायचं. आणि जाऊन आलेल्यातले निम्मे येऊन सांगतात की तिथं कायच नव्हतं, चार बगळे आणि नुसतं पाणी. मला याचं वाईट वाटतं, कारण बहुतेकवेळा पक्षी तिथंच असतात, आपण चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभे असतो. मी बेळगावात वाढलोय आणि गेली बरीच वर्षं थंडीत तीनचार चकरा तरी तिकडं मारतो, तर सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय, पहिल्यांदा जाणाऱ्याला उपयोगी पडावं म्हणून.

आधी जागा काय आहे ते समजून घ्या, नायतर बाकीचं सगळं वाया जाईल. घटप्रभा पक्षी अभयारण्य गोकाक तालुक्यात, 1974 साली जाहीर झालेलं, क्षेत्र जवळजवळ 30 चौरस किलोमीटर. नाव अभयारण्य असलं तरी जंगल डोळ्यासमोर आणू नका. धुपदाळला घटप्रभा नदीवर इंग्रजांच्या काळातला जुना बंधारा आहे, 1897 च्या सुमाराचा, कालव्याला पाणी वळवायला बांधलेला. त्या बंधाऱ्यानं अडलेलं पाणी मागं लांबवर पसरलंय आणि त्यात मधेमधे बेटं, गवत, पाणकणीस, उथळ चिखल असं सगळं तयार झालंय. हेच ते पक्ष्यांचं घर. नदी आपल्या सह्याद्रीतनंच येते, चंदगडकडनं ताम्रपर्णी आणि आंबोली-आजऱ्याकडनं हिरण्यकेशी यांचं पाणीपण तिच्यातच येऊन मिळतं. म्हणजे आंबोलीला पडलेला पाऊस हिवाळ्यात इथं करकोच्याच्या पायाखाली असतोय असं म्हटलं तरी चालेल.

आता मुद्द्याचं. वरच्या बाजूला हिडकलचं धरण आहे. तिथनं शेतीला पाणी सोडलं की धुपदाळची पातळी चढते, सोडणं थांबलं की उतरते. पातळी चढली की चिखलाचे पट्टे बुडतात आणि त्यावर चरणारे पक्षी उठून दुसरीकडं जातात, म्हणजे एकाच आठवड्यात दोन माणसं जाऊन दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघंपण खरं बोलत असतात. म्हणून निघायच्या एकदोन दिवस आधी तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा, पाणी चढलंय का उतरलंय, काठाला चिखल दिसतोय का. घटप्रभा, गोकाक, हुक्केरी भागात पाहुणे नसलेलं बेळगावचं घर मला तरी माहीत नाही, त्यामुळं फोन करायला कुणीतरी सापडतंच.

महिना कुठला? पुस्तकी उत्तर नोव्हेंबर ते मार्च. मला विचाराल तर 15 डिसेंबर ते जानेवारीअखेर. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, कोल्हापूर-सांगलीकडचे ग्रूप त्याच आठवड्यात इकडं यायचं ठरवतात, खरं तेव्हा बऱ्याचदा पावसाचं पाणी नीट उतरलेलं नसतं आणि लांबनं येणारे पाहुणे पक्षी अजून पूर्ण जमलेले नसतात. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचं ऊन चावायला लागतं आणि कांड्या करकोचे परतीच्या तयारीला लागतात. पावसाळ्यात जाऊच नका असं नाही, तेव्हा गोकाकचा धबधबा बघायचा, पक्षी नाहीत.

जायचं कसं

बेळगावातनं साधारण 60 किलोमीटर. रेल्वे बेस्ट, घटप्रभा स्टेशन मिरज-लोंढा लाईनवरच आहे, म्हणजे मिरज, उगार, कुडची, रायबागवाल्यांना तर आणखी सोपं. स्टेशनवरनं धुपदाळला रिक्षा मिळते, परतीचं आधीच बोलून ठेवा. निपाणी-कोल्हापूरकडनं येणाऱ्यांनी संकेश्वर-हुक्केरी करत घटप्रभा गाठायचं.

गाडीनं जाणार असाल तर एक गोष्ट मनापासून सांगतो. हा सगळा ऊसपट्टा आहे आणि आपण जातो तो नेमका गाळपाचा सीझन. पहाटे चारपाचला रस्त्यावर ऊसाचे ट्रॅक्टर असतात, मागं दोनदोन ट्रॉल्या, पुष्कळांना मागं लाईट नसतो, वर धुकं. ऊसाची टोकं बाहेर आलेली असतात ती शेवटच्या क्षणाला दिसतात. त्यामुळं पहाटे बेळगावातनं सुसाट निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी जाऊन घटप्रभा किंवा गोकाकला मुक्काम करा. याचा दुसरा फायदा म्हणजे संध्याकाळी पक्षी कुठं उतरतात ते बघून ठेवता येतं, आणि सकाळी तिथंच जाऊन बसता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच सल्ला देतो, संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर.

वनखात्याच्या माणसांना आधी भेटा. अभयारण्य आहे, कुठल्या काठाला जायला परवानगी आहे, बोट चालू आहे का, ते तेच सांगतील, आणि आज पक्षी कुठल्या बाजूला आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. बंधारा पाटबंधारे खात्याचा, तिथं दरवाज्यांजवळ विचारल्याशिवाय फोटो काढत बसू नका. ड्रोन तर बॅगेतसुद्धा ठेवू नका, अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि पक्षी त्याला शिकारी पक्षी समजून अख्खा थवा उठतो.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. बरेच जण मराठी समजतात, बोलतातपण. खरं आपण दोन शब्द कन्नडातनं बोललो की समोरचा माणूस मोकळा होतो. "हक्की यल्ली अदावरी?" म्हणजे पक्षी कुठं आहेत. "होलदाग होगबहुदेनरी?" म्हणजे शेतात गेलं तर चालेल का. एवढी दोन वाक्यं पाठ करून गेलात तरी काम होतं. शेवटी "री" लावायला विसरू नका, आपल्या अहो-जाहोसारखं आहे ते.

सामान

दुर्बीण पाहिजेच. मोबाईलच्या झूमवर इथं काम होत नाही, पाणी रुंद आहे आणि पक्षी लांब. 8 बाय 42 ची घ्या, 8 म्हणजे आठपट जवळ दिसतं आणि 42 म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, पहाटेच्या कमी उजेडात त्याचा उपयोग होतो. 20 पट, 30 पट असल्या स्वस्त दुर्बिणीच्या मागं लागू नका, हातात हलतात आणि काय दिसत नाही. विकत घ्यायची नसेल तर मागून न्या, खरं घरीच सेट करून बघा. पद्धत अशी: आधी दोन नळ्या उघडमीट करून दोन्ही डोळ्यांना मिळून एकच गोल दिसेल असं करा. मग उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्यानं लांबच्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर मधलं चाक फिरवून अक्षरं स्वच्छ करा. आता डावा मिटून उजव्या डोळ्यानं तीच पाटी बघा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची रिंग फिरवून स्वच्छ करा. झालं, यापुढं फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडायचे. हे न केल्यामुळं कित्येक जण दिवसभर अंधुक बघतात आणि दुर्बिणीला दोष देतात.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही ही दुसरी तक्रार. नजर पक्ष्यावरनं काढायची नाही, त्याच्याकडंच बघत राहायचं आणि दुर्बीण उचलून डोळ्यासमोर आणायची. खाली बघून दुर्बीण शोधलीत की पक्षी गेला.

कपडे मातकट, हिरवट. पांढरा आणि भडक लाल नको. पहाटे पाण्याकाठी थंडी हाडात शिरते, स्वेटर, कानटोपी न्या, दहानंतर टोपी आणि पाणी लागतं. बूट जुने घाला. काठाला पाण्याची किंवा शौचालयाची सोय गृहीत धरू नका, विशेषतः बायका-मुलं बरोबर असतील तर घटप्रभा गावातच उरकून निघा. एक वही, एक पेन्सिल. बसायला सतरंजीचा तुकडा. मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप आणि त्यातला आपल्याकडच्या पक्ष्यांचा पॅक आधीच डाऊनलोड करून ठेवला तर नेट नसतानापण चालतं, आवाज आणि फोटोवरनं नाव सुचवतं, खरं सुचवलेलं नाव म्हणजे शेवटचा शब्द नाही, आपण स्वतः पुन्हा बघायचं.

सकाळ

उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेलं असायचं. जागा निवडताना एकच बघा, सूर्य पाठीमागं आला पाहिजे, म्हणजे आपण पूर्वेच्या अंगाला आणि तोंड पश्चिमेला. उलट बसलात तर समोर नुसत्या काळ्या आकृत्या. संध्याकाळी याच्या उलटं.

आणि मग बसायचं. फिरायचं नाही. हे लोकांना पटत नाही, एवढ्या लांब आलोय तर चालत चालत सगळं बघूया असं वाटतं, खरं तुम्ही चालताय तोवर पक्षी तुमच्यापुढं पळत राहतात. वीस मिनिटं एका जागी गप्प बसलात की काठावरचा धोबी शेपूट हलवत पाच फुटांवर येतो, कवड्या खंड्या समोर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडून मासा घेऊन वर येतो.

कांड्या करकोचा ही इथली खरी ओळख. क्रौंच कुळातला जगातला सगळ्यात लहान पक्षी, तरी उभा राहिला की जवळजवळ तीन फूट. राखाडी अंग, काळी मान, छातीवर लोंबणारी काळी पिसं आणि डोळ्यामागनं मागं गेलेला पांढऱ्या पिसांचा झुबका, एकदा बघितला की विसरत नाही. मंगोलिया, मध्य आशियाकडनं हिमालय ओलांडून येतात. रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कोल्हं-कुत्रं आलं तर पाण्याचा आवाज होतो म्हणून. सकाळी उजेड झाला की आधी एकदोघे आवाज देतात, करड्या गळ्यातनं "क्रोंक, क्रोंक", मग आजूबाजूचे, मग सगळं पाणीच बोलायला लागतं आणि थव्याथव्यानं उठून शेताकडं जातात. शेंगा काढलेल्या रानात राहिलेले दाणे, ज्वारी, हरभरा हे त्यांचं खाणं. दहाअकरानंतर परत पाण्यावर येऊन विसावतात, उन्हं कलली की पुन्हा चरायला जातात. आता कळलं का, नऊ वाजता चहा घेऊन आरामात पोचणाऱ्याला रिकामं पाणी का दिसतं? पक्षी कामावर गेलेले असतात.

दुसरा मोठा पाहुणा पांढरा करकोचा. आपल्या मराठीत दोघांनाही करकोचाच म्हणतात त्यामुळं गोंधळ होतो, खरं हे दोन वेगळ्या कुळातले आहेत. पांढऱ्या करकोच्याची चोच आणि पाय लाल, अंग पांढरं, पंखाची कड काळी. तो ओरडत नाही, चोच आपटून टकटक आवाज काढतो. कांड्या झाडावर कधी बसत नाही, हा बसतो. कांड्या दाणे खातो, हा नाकतोडे, बेडूक, किडे. ऊस तोडलेल्या किंवा नांगर चाललेल्या रानात बगळ्यांबरोबर एखादा उंच पांढरा दिसला तर गाडी थांबवून नीट बघा.

बाकीच्या पक्ष्यांची नावं पाठ करत बसण्यापेक्षा पाण्याचे पट्टे पाडून बघा, मी नव्या माणसाला असंच शिकवतो. मोकळ्या पाण्यात बुड्या मारणारे आणि पोहणारे: पाणकावळे, टिबुकली, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, थंडीत येणारं टोकदार शेपटीचं तलवार बदक, चमच्यासारख्या रुंद चोचीचा थापट्या, बदामी रंगाचा चक्रवाक. आपलं इथलंच हळदी-कुंकू बदक मात्र बाराही महिने असतं, चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, नाव देणाऱ्याला दाद द्यावी असं. गुडघाभर पाण्यात लांब पायाचे: चित्रबलाक, त्याच्या पाठीकडची गुलाबी पिसं सकाळच्या उन्हात बघाच, चोच पाण्यात डावीउजवीकडं फिरवत चालणारा चमचा, शराटी, राखी बगळा. चोच मिटली तरी मधे फट राहणारा तो मुग्धबलाक, शंखातल्या गोगलगाई काढून खातो. नुसत्या चिखलावर शेकाट्या, तुतवार, चिखल्या. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी. पाण्यावर पसरलेल्या पानांवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी. वर हवेत नदी सुरय आणि गवतावरनं तरंगत जाणारा दलदली भोवत्या. हा भोवत्या आला की सगळी बदकं एकदम उठतात, तेव्हा आपण ज्यांना मोजलं नव्हतं ते कळतात.

उडताना एक खूण लक्षात ठेवा: बगळा मान एसच्या आकारात घडी घालून उडतो, करकोचे आणि क्रौंच मान सरळ ताणून. लांबनंसुद्धा चुकत नाही.

पक्ष्यांशिवाय काय? काठाला मुंगूस, कोल्हा, दगडावर ऊन घेणारी कासवं, पाण्यात दिवड. पाणमांजर दिसलं तर दिवस सार्थकी लागला समजा. गवतात हात-पाय घालताना बघून घाला, घोणस या भागात आहे. आणि पाण्यात उतरू नका, वरनं कोरडा दिसणारा चिखल मांडीपर्यंत आत घेतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मुलांना खेळायला सोडू नका, पाणी कधी वाढेल सांगता येत नाही.

किती जवळ जायचं

हे स्वतःच्या चुकीतनं शिकलोय म्हणून सांगतो. एका जानेवारीत मी आणि माझा मित्र, हरभऱ्याच्या रानात दोनशेक कांड्या करकोचे चरत होते, फोटो पाहिजे म्हणून आम्ही वाकून बांधाबांधानं पुढं सरकलो. आधी कडेच्या एका पक्ष्यानं खाणं थांबवून मान वर केली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग पाचसहा जणांनी. आम्हाला वाटलं पोज देताहेत. अजून दहा पावलं टाकली आणि अख्खा थवा आरडाओरडा करत उठला आणि गेला तो संध्याकाळपर्यंत त्या रानात परत आला नाही. बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते, डोक्याला पटका, हातात विळा. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अवू भाळ दूरदिंद बंदाव, बिटबिड्री." फार लांबनं आलेत ते, सोडा त्यांना. ज्याचा हरभरा ते पक्षी खात होते तो माणूस असं म्हणाला. अजून तो बांध मला आठवतो.

तर नियम सोपा. पहिल्या पक्ष्यानं मान वर केली की आपण थांबायचं. दोघातिघांनी केली की मागं सरकायचं, हळू, पाठ न फिरवता. प्रत्येक उड्डाणाला त्यांचा दाणापाणी खर्च होतो आणि तोच साठा घेऊन त्यांना मार्चमध्ये परत तेवढ्या लांब जायचंय. टाळ्या वाजवून थवा उडवणारे, उडतानाचा व्हिडिओ पाहिजे म्हणून दगड मारणारे दरवर्षी दिसतात, त्यांना तिथंच शांतपणे सांगा, ऐकलं नाही तर वनखात्याला कळवा, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. आणि शेतात पाऊल टाकायच्या आधी मालकाला विचारायचं, उभ्या पिकातनं तर चालायचंच नाही. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून बोलावणं पण नको.

दुपार ते संध्याकाळ

अकरा ते साडेतीन उन्हानं पाणी चमकतं, दुर्बिणीत हवा हलताना दिसते, डोळे दुखतात. ही वेळ गोकाकसाठी ठेवा. याच नदीचा धबधबा तिथं आहे, 52 मीटरवरनं पडतो, हिवाळ्यात पाणी कमी असतं खरं कडा तरी दिसतो. गावात जेवा, ज्वारीची भाकरी, एण्णगायी म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. आणि करदंट घेतल्याशिवाय निघू नका, डिंक, सुकामेवा आणि गूळ, दाताला चिकटतं खरं थंडीतल्या पहाटेसाठी खिशात ठेवायला याच्याएवढं चांगलं काय नाही.

चारला परत पाण्यावर, आता पश्चिमेच्या अंगाला, तोंड पूर्वेकडं. साडेपाचनंतर थवे परत यायला लागतात, आधी आवाज ऐकू येतो आणि मग रेघ दिसते. या वेळी मोजणी करून बघा. एकेक मोजायचा नाही. आधी दहा पक्षी मोजा, ते दहा आकाशात किती जागा घेतात ते डोळ्यात बसवा, मग तेवढे तुकडे थव्यावर पाडत जा. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, 1987 पासून चालू आहे, ती याच पद्धतीनं होते आणि हौशी माणसांनाही त्यात भाग घेता येतो. तुमचे आकडे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाईटवर टाकलेत तर तेही कुणाच्या तरी अभ्यासाला लागतात.

मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर पहाटेचा हट्ट धरू नका, फक्त संध्याकाळ करा, दोन तासात सगळं दिसतं. आणि ज्यांना धुपदाळला जाण्याआधी हात बसवायचाय त्यांनी एखादी रविवारची सकाळ बेळगावजवळच्या राकसकोपच्या जलाशयावर घालवावी, टिबुकली, पाणकावळे, बगळे, खंड्या यांच्यावर दुर्बीण बसते. धुपदाळ जमलं की पुढच्या थंडीत गदग जिल्ह्यातलं मागडी तळं, तिथं पट्टकादंब हंस हजारोंनी उतरतात.

परत निघायच्या आधी, अंधार पडायच्या आत, वहीत चार ओळी लिहा: तारीख, वेळ, पाण्याची पातळी, म्हणजे बंधाऱ्याच्या कुठल्या दगडापर्यंत पाणी होतं ते, चिखल किती उघडा होता, आणि कुठले पक्षी कुठल्या बाजूला. दोनतीन चकरा झाल्या की पुढच्या वेळी फोनवर पलीकडचा माणूस "पाणी उतरलंय" एवढंच म्हणाला तरी कुठल्या काठाला सतरंजी टाकायची ते तुम्हाला घरबसल्या कळेल.